नवव्या खेळीचा निकाल

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे सांगलीला आली की पेढीवरच्या रद्द पट्ट्यांची चळत आठवडाभरात संपते. हळदीच्या अडतीत शेतकऱ्याला द्यावयाच्या पट्टीत एखादा आकडा चुकला, तर ती पट्टी बाद करून नवी लिहावी लागते. परंतु एका बाजूने कोरा असलेला कागद टाकून देण्याची आमच्या घरी रीत नाही. त्या कोऱ्या बाजूंवर दुपारभर फुली-गोळ्याचे डाव रंगतात. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या रेघा, मध्ये नऊ घरे. एकाने फुली मारावी, दुसऱ्याने गोळा काढावा, आणि ज्याची तीन चिन्हे उभी, आडवी वा तिरकी एका ओळीत येतील तो जिंकला. याहून सोपा खेळ शोधून सापडणार नाही, आणि याहून अधिक भांडणे लावणाराही नाही.

गेल्या सुट्टीत नात नववीत आणि नातू दुसरीत जाणार होता. तिने म्हणावे, याने दोनदा फुली मारली. त्याने म्हणावे, हिने माझ्या फुलीवरच गोळा गिरवला. तिसऱ्या दिवशी प्रकरण माझ्यापर्यंत आले, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, हा खेळ संगणकावर बसवला तर भांडणच मिटेल. संगणक कुणाची बाजू घेत नाही."

हे वाक्य मला फार आवडले. ते किती चुकीचे आहे, हे कळायला चार दिवस लागले.

"मग बसव की," मी म्हणालो. त्यावर तिचा चेहरा उतरला. शाळेत वर्षभर पायथन शिकवले होते, परीक्षेत गुणही बरे मिळाले होते. पण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात संख्या बदलून लिहिणे निराळे आणि कोऱ्या पडद्यासमोर बसणे निराळे. "मला ते मनापासून जमतच नाही. पुढच्या वर्षी मी हा विषय सोडणार आहे," असे तिने मला, आई-वडिलांच्या आधी, सांगितले. मी हिशेबाचा माणूस. चाळीस वर्षे आधी हाताने आणि मग संगणकावर वह्या लिहिल्या, पण संगणकाला काम सांगणारी भाषा मला एक अक्षर येत नव्हती. तरीही मी म्हटले, आपण दोघे मिळून करू. तुला भाषा येते, मला नोंदी ठेवणे येते. ज्या वाचकांच्या घरी असे एखादे हिरमुसलेले मूल आणि संगणकापासून चार हात दूर राहणारे वडीलधारे माणूस असेल, त्यांच्यासाठी त्या चार दिवसांचा वृत्तांत लिहीत आहे.

आरंभीच एक भेद लक्षात घ्यायला हवा. यंत्राला खेळाडू करणे आणि यंत्राला पंच करणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. जगाने पहिल्या कामाचे कौतुक अधिक केले. १९५० साली टोरांटोच्या मोठ्या प्रदर्शनात जोसेफ केट्स या अभियंत्याने सुमारे चार मीटर उंचीचे, निर्वात नळ्यांवर चालणारे यंत्र उभे केले होते, आणि येणारे-जाणारे लोक त्याच्याशी फुली-गोळा खेळत. १९५२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस या संशोधकाने आपल्या प्रबंधासाठी एडसॅक नावाच्या संगणकाला हाच खेळ शिकवला. समोरच्या माणसाने टेलिफोनची तबकडी फिरवून आपले घर सांगायचे आणि पट काचेच्या नळीवर ठिपक्यांनी उमटायचा. डोनाल्ड मिची यांनी तर १९६१ साली संगणकाशिवायच, ३०४ काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन, खेळता खेळता शिकणारी रचना केली. डाव हरला की पेटीतला मणी काढून घ्यायचा, जिंकला की भर घालायची. असे करता करता पेट्या चांगले खेळू लागत. हे सारे विलक्षण आहे, परंतु नवशिक्याचे काम नव्हे. आमच्या पटाच्या दोन्ही बाजूंना माणसेच बसणार होती. यंत्राने खेळायचे नव्हते. पट धरायचा, पाळी सांभाळायची, खोटी खेळी नाकारायची आणि निकाल द्यायचा, इतकेच. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी असे माझे मत झाले आहे, कारण खेळाडूला डावपेच ठाऊक असावे लागतात, पंचाला केवळ नियम. आणि नियम आपल्याला पूर्णपणे ठाऊक आहेत असा प्रत्येकाचा समज असतो.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच दिला नाही. नातीला पाठ करून बसवले, हातात पट्टीचा कागद दिला आणि मी व नातू घरांचे क्रमांक पुकारून खेळू लागलो. वरची ओळ एक, दोन, तीन. मधली चार, पाच, सहा. खालची सात, आठ, नऊ. पट तिने पाहायचा नाही. कोण जिंकले ते मात्र तिनेच सांगायचे. पहिल्या डावात ती गोंधळली. दुसऱ्यात तिने आपल्या कागदावर पुकारलेले आकडे ओळीने लिहिले. तिसऱ्यात तिने शेजारी नऊ घरे आखली आणि प्रत्येक आकड्यासरशी एकेक चिन्ह भरू लागली.

मी म्हणालो, "हे आमच्या पेढीतलेच आहे. ही तुझी रोजकीर्द आणि ही खतावणी."

वाचकांना हे समजावून सांगायला नको. व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरतात. खतावणीत प्रत्येक खात्याची आजची स्थिती दिसते. रोजकीर्दीवरून खतावणी केव्हाही पुन्हा तयार करता येते, पण केवळ खतावणीच्या बाकीवरून कोणता व्यवहार आधी झाला ते सांगता येत नाही. खेळाचेही तसेच. पटावर पाच फुल्या दिसतात, पहिली कोणती ते दिसत नाही. आणखी एक गोष्ट तिची तिलाच उमगली: रोजकीर्दीतल्या नोंदी मोजल्या की पाळी कुणाची ते आपोआप कळते. एकही नोंद नसेल किंवा नोंदी सम असतील तर फुलीची, विषम असतील तर गोळ्याची. "म्हणजे पाळी वेगळी लक्षात ठेवायलाच नको!" असे ती म्हणाली, आणि त्या दिवसातला तिचा पहिला उत्साहाचा सूर मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी पायथन उघडले. नावामुळे अजगर डोळ्यांसमोर येतो, पण गिडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा नाव घेतले होते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाचे. भाषा विनामूल्य आहे. साधारण जुन्या संगणकावरही चालते. मला सर्वांत आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. तिच्यातले मूळ आज्ञाशब्द इंग्रजी असले, तरी २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण ठेवायची नावे देवनागरीत ठेवता येतात. आम्ही नऊ घरांच्या यादीला 'पट' म्हटले, नोंदींच्या यादीला 'रोजकीर्द', चिन्हांना 'फुली' आणि 'गोळा'. शाळेत तिने एक्स, वाय, ए, बी अशी नावे ठेवली होती आणि चार ओळींनंतर कशात काय आहे तेच तिला आठवत नसे. 'पट' म्हटल्यावर विसरायचे काय? मराठी कळफलकावरून खेळाडूने देवनागरी ५ टंकला तरी पायथन त्याचा आकडा बरोबर करून घेते, हेही आम्ही करून पाहिले. आज्ञावलीच्या मजकुरात मात्र अंक इंग्रजीच लिहावे लागतात.

एक अडचण प्रत्येक नवशिक्याला येते. पायथन यादीतली मोजणी शून्यापासून करते. पहिले घर म्हणजे शून्य क्रमांकाचे, नववे म्हणजे आठव्या क्रमांकाचे. नात वैतागली. मी म्हटले, इमारतीत तळमजला असतोच ना. त्याच्या वरच्याला आपण पहिला मजला म्हणतो. खेळाडूला एक ते नऊच दिसावेत आणि आत नोंद करताना एक वजा करावा, असा तोडगा निघाला.

मग आम्ही पंचाची कामे ओळीने एका पट्टीच्या पाठीवर लिहिली. तो कागद अजून माझ्याजवळ आहे, म्हणून जसाच्या तसा देतो.

पट दाखव.
खेळी विचार.
घर मोकळे आहे का पाहा. नसेल तर पुन्हा विचार.
चिन्ह लिही.
पट भरला का? भरला असेल तर बरोबरी सांग आणि थांब.
तीन चिन्हे एका ओळीत आली का? आली असतील तर विजेता सांग आणि थांब.
पुन्हा पहिल्यापासून.

वाचकांनी ही यादी एकदा सावकाश वाचावी. आम्ही दोघांनी वाचली होती, आणि आम्हाला ती निर्दोष वाटली होती.

एका ओळीत तीन, हे डोळ्यांना क्षणात दिसते. संगणकाला दिसत नाही. त्याला ओळी सांगाव्या लागतात. आडव्या तीन, उभ्या तीन, तिरक्या दोन: एकूण आठ. नातीने आठ त्रिकुटे लिहिली, एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, असे करत तीन-पाच-सात पर्यंत, आणि सांगितले की ज्या त्रिकुटातली तिन्ही घरे सारखी असतील तिथे विजय. आज्ञावली पहिल्यांदा चालवली. नातवाने पाचव्या घरात फुली मारली आणि पडद्यावर लगेच निकाल आला, 'विजयी:' आणि पुढे काहीच नाही. क्षणभर कोणालाच कळेना. मग नात हसत सुटली. वरच्या ओळीतली तिन्ही घरे मोकळी होती. मोकळे, मोकळे आणि मोकळे, म्हणजे तिन्ही सारखीच! "रिकामा जिंकला," असे ओरडत नातू घरभर फिरला. आपण 'सारखी' म्हणतो तेव्हा 'आणि रिकामी नसलेली' हे मनातच धरतो; यंत्र मनातले धरत नाही. तिने ती अट घातली.

त्यानंतरचा एक तास नातवाने पंचाला फसवण्यात घालवला, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी गेला. त्याने भरलेले घर सांगून पाहिले. ते नाकारले गेले. त्याने बारा हा आकडा दिला, आज्ञावली कोलमडली. त्याने शून्य दिले, तेव्हा फार मजेशीर प्रकार झाला. शून्यातून एक वजा झाल्यावर उणे एक उरला, आणि पायथनमध्ये उणे एक म्हणजे यादीतले शेवटचे घर. तेव्हा फुली थेट नवव्या घरात जाऊन बसली. त्याने 'क' हे अक्षर दिले, आणि लाल अक्षरांत तक्रार येऊन सारे बंद पडले. दर वेळी नात एकेक अट वाढवत गेली: आकडाच असावा, एक ते नऊ असावा, घर मोकळे असावे, आणि यांपैकी काही चुकले तर रोजकीर्दीत नोंद होऊ नये. ही शेवटची अट महत्त्वाची. नोंद झाली असती तर पाळी पुढे गेली असती आणि बिचाऱ्याची खेळी वाया गेली असती.

आठ त्रिकुटांची यादी पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या वडिलांच्या काळी पेढीच्या भिंतीवर शेंदराने काढलेले पंधराचे यंत्र असे. वर ४, ९, २. मध्ये ३, ५, ७. खाली ८, १, ६. उभे, आडवे, तिरके, कसेही मिळवा, पंधराच. चार बाय चार घरांचे, चौतिसाची बेरीज देणारे असेच एक यंत्र खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेले आहे, ते अनेक वाचकांनी यात्रेत पाहिले असेल. मी नातीला म्हटले, घरांना एक ते नऊ ऐवजी या यंत्राचे आकडे दे. मग 'एका ओळीत तीन' म्हणायचे कारणच नाही. ज्याच्या हाती बेरीज पंधरा होणारी तीन घरे आली, तो जिंकला.

तिचा विश्वास बसेना. "पण ओळीत नसलेल्या तीन घरांचीही बेरीज पंधरा होत असेल ना?" प्रश्न अगदी योग्य होता. नऊ वस्तूंतून तीन निवडण्याचे प्रकार किती, याची रीत महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात लिहिलेल्या गणितसारसंग्रहात दिली आहे. नऊ, आठ आणि सात यांचा गुणाकार करा, त्याला एक, दोन आणि तीन यांच्या गुणाकाराने भागा. ५०४ भागिले ६, म्हणजे ८४. तिने पायथनला ती ८४ त्रिकुटे तपासायला लावली. पंधरा बेरजेची नेमकी आठ निघाली आणि ती आठही यंत्राच्या ओळीच होत्या. मला वडिलांची आठवण आली. तरीही खेळाच्या आज्ञावलीत आम्ही अखेर साधी आठ त्रिकुटेच ठेवली. पंधराची युक्ती सुंदर आहे, पण सहा महिन्यांनी उघडून वाचणाऱ्याला तिचा उलगडा होणार नाही; हिशेब असा लिहावा की दुसऱ्या मुनिमाला विचारावे लागू नये.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, रात्र होण्याआधीचे जेवण उरकल्यावर, घरातली सारी मंडळी लॅपटॉपभोवती जमली. बहीण-भाऊ पाच डाव खेळणार, गुण पट्टीच्या पाठीवर माझी पत्नी लिहिणार. पहिले चार डाव नातीनेच जिंकले. दोन वर्गांचे नव्हे, सात वर्षांचे अंतर आहे. पाचव्या डावात नातू फुली घेऊन बसला. त्याने एकवर फुली मारली, तिने तीनवर गोळा. मग त्याने आठ, तिने दोन. त्याने सहा, तिने सात. आता तीन आणि सातवर तिचे गोळे होते, मधले पाचवे घर मोकळे. पुढच्या खेळीत ती जिंकणार हे सर्वांना दिसत होते. पोराने पाच दाबले. तिची ओळ तर अडलीच, पण एक-पाच-नऊ आणि चार-पाच-सहा अशा त्याच्याच दोन ओळी एकदम उघडल्या. त्याला हे कळून केले की न कळून, देव जाणे. नातीने नऊ अडवले. उरले एकच घर. त्याने चार दाबले.

मधली सबंध ओळ फुल्यांची झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बहिणीला हरवले होते. आणि पडद्यावर अक्षरे उमटली: 'बरोबरी'.

"मी जिंकलो," तो म्हणाला. मग बोट ठेवून दाखवू लागला, "हे बघा ना, तीन."

मी काय म्हणावे? मी चष्मा सारखा करत म्हणालो, "बाळ, संगणक म्हणतोय ना बरोबरी, मग बरोबरीच असणार." पत्नीने पट्टीवर 'बरोबरी' लिहिले. तो काही बोलला नाही. उठून माडीवर गेला आणि अंधारात बसून राहिला.

ते वाक्य माझ्या तोंडून कसे गेले, याचा विचार मी रात्रभर करत होतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी भरलेली रक्कम त्यांच्या संगणकात जमा दिसत नव्हती. पावती माझ्या हातात, शिक्का तिच्यावर स्पष्ट. तरी खिडकीपलीकडचा मनुष्य एकच सांगे, सिस्टिममध्ये तसे दिसत नाही. तीन खेपा झाल्या. त्या मनुष्याला माझी पावती दिसत होती, पण ती पाहण्याची त्याला गरज वाटत नव्हती. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटले होते ते येथे लिहिण्याजोगे नाही. आणि त्या संध्याकाळी सात वर्षांच्या मुलाने तीन फुल्यांवर बोट ठेवले असताना, खिडकीच्या त्या बाजूला मी जाऊन बसलो होतो. काटा चुकत असेल, तर 'काटाच तसे दाखवतो' असे शेतकऱ्याला सांगून चालत नाही, हे मी पेढीवर नव्या पोरांना शिकवत आलो आहे.

सकाळी उठून पाहतो तो नात माझ्या आधी लॅपटॉपसमोर. तिने रोजकीर्द उघडली होती: १, ३, ८, २, ६, ७, ५, ९, ४. शेजारी ती पट्टी ठेवून प्रत्येक खेळीनंतर पंच काय करतो ते ती बोटाने ओळीओळीने वाचत होती. आठ खेळ्यांपर्यंत सारे ठीक. नववी खेळी लिहिली गेली. पट भरला का? भरला. बरोबरी सांग आणि थांब.

"आजोबा, तो पुढची ओळ वाचतच नाही," ती हळूच म्हणाली.

नवव्या खेळीने पट भरतो आणि त्याच खेळीने ओळही पूर्ण होऊ शकते. पंचाने आधी भरले का ते पाहिले, म्हणून जिंकले का ते पाहण्याची वेळच आली नाही. आधी विजय पाहावा, विजय नसेल तरच बरोबरी. दोन ओळींची अदलाबदल, एवढीच दुरुस्ती. आणि येथे मला कबूल करायला हवे की त्या दोन ओळींचा क्रम माझा होता. पान भरले की आधी पान बदलायचे ही पेढीतली सवय. लिहिताना मीच तिला सांगितले होते की भरल्याचे आधी बघ. तिने मोठ्यांचा मान राखून ते लिहिले. मी तसे सांगितल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या हातून चूक झाली नव्हती, आणि चूक तिनेच शोधली होती.

पण इतके दिवस ही चूक दिसली कशी नाही? एकटी बसून तपासताना ती दर वेळी चटकन जिंकणारे डाव खेळत असे. पट भरेपर्यंत जातच नसे. किती डाव असे बिघडले असते, हे मोजायचे तिने ठरवले. संगणकाला सारे संभाव्य डाव आपल्याशीच खेळायला लावले. हे नवशिक्याच्या थोडे पलीकडचे आहे, त्यासाठी तिला दोन दिवस लागले आणि पुस्तक पुन्हा उघडावे लागले. विजय होताच डाव थांबतो असे धरले, तर फुली-गोळ्याचे एकूण २,५५,१६८ वेगवेगळे डाव होतात. त्यांत फुली १,३१,१८४ जिंकते, गोळा ७७,९०४, आणि ४६,०८० बरोबरीत सुटतात. दोघेही न चुकता खेळले तर निकाल नेहमी बरोबरीच, ही गोष्ट वेगळी. ही मोजणी चुकीच्या-बरोबर सर्व खेळ्या धरून आहे. आता आमच्या चुकीचा हिशेब पाहा. नेमके नवव्या खेळीवर जिंकले जाणारे डाव ८१,७९२, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. ते सगळे आमच्या पंचाने बरोबरीत टाकले असते.

आणि हे सगळे फुलीचेच. पहिली खेळी फुलीची, म्हणून तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीही फुलीचीच. गोळ्याला नववी खेळी कधीच मिळत नाही. त्यामुळे त्या चुकीने गोळ्याचा एकही विजय हिरावला नसता आणि फुलीचे निम्म्याहून अधिक हिरावले असते. 'संगणक कुणाची बाजू घेत नाही' म्हणणाऱ्या मुलीने तो आकडा दोनदा पाहिला. मग म्हणाली, "याने तर चार दिवस माझीच बाजू घेतली. बहुतेक वेळा मीच गोळा घेऊन खेळत होते."

अशा दुरुस्तीनंतर एक काम करायचे असते, ते नवशिके करत नाहीत आणि पुष्कळ जाणतेही टाळतात. ज्या डावात चूक सापडली तोच डाव, त्याच क्रमाने, पुन्हा चालवून पाहायचा. रोजकीर्द होती म्हणून हे शक्य झाले. नातीने भावाला खाली बोलावले. तो आला, पण दारातच उभा राहिला. तिने एकेक आकडा पुकारत आठ खेळ्या भरल्या, दोघांच्याही, आणि मग लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. त्याने चार दाबले. 'विजयी: फुली'.

तो हसला नाही. त्याने आजीकडे गुणांची पट्टी मागितली. तिने 'बरोबरी' या शब्दावर काट मारायला पेन उचलले, तेव्हा मी थांबवले. वहीत खाडाखोड करायची नसते, खाली चूकदुरुस्तीची नोंद करायची. तिने लिहिले, पाचवा डाव फुलीने जिंकला, आदल्या दिवशीचा निकाल चुकीचा होता. त्याने ते अक्षर अक्षर लावून वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, तारीख राहिली. आणि खाली तुमची सही."